झाकण हातात राहिलं

मी डबा बोलतोय. स्टीलचा, गोल, पोटात दोन डझन बेसनाचे लाडू सहज मावतील असा. आवाज दबका येत असेल तर घाबरू नका. घसा बसलेला नाही, अंगावर वीतभर माती आहे. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावात एका आजीबाईंच्या मागच्या अंगणात मी पुरलेला आहे. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने मत्सरी आहे. इतकी वर्षं जळफळ करूनही माझं स्टील काळं कसं पडलं नाही, याचं मलाच नवल वाटतं.

मी मूळचा नागपूरचा. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात शैलाच्या आईने मला उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि तिथेच नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्याचं ते मशीन पोटावर टरटर फिरलं तेव्हा जीव नकोसा झाला, पण अक्षरं उमटली ती अशी: 'चि. सौ. कां. शैला हिस आईकडून.' त्या दिवसापासून मी स्वतःला साधा डबा समजलो नाही. रुखवतात मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आजूबाजूची पातेली माझ्याकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं.

शैलाच्या आईचे दोन नियम होते. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. त्यामुळे तिच्या घरून गेलेला डबाही कधी रिकामा परत आला नाही. काही नाही तर चिमूटभर साखर असायचीच.

शैलाचं श्रीरंगशी लग्न झालं आणि साड्यांच्या घड्यांत गुंडाळून मीही इकडे आलो. इथे आल्या आल्या पोटात दुखायला लागलं ते प्लास्टिकमुळे. इथली आपली माणसं एकमेकांकडे काही पाठवायचं झालं तर दह्याच्या रिकाम्या डब्यातून पाठवतात, परत मागायची कटकट नको म्हणून. ते कळकट डबे गावभर हिंडायचे आणि मी कपाटात. पण आई गेली तेव्हा शैलाचे व्हिसाचे कागद अडकलेले होते, तिला नागपूरला जाता आलं नाही. त्या आठवड्यात ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि नावावरून अंगठा फिरवायची. त्यानंतर प्लास्टिकचा मत्सर करायचं मी सोडून दिलं.

मग २००४ साली ते आलं.

लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, कानाला लावायला हेडफोन. जमिनीखाली धातू असला की किंचाळायचं. मेटल डिटेक्टर म्हणतात त्याला. श्रीरंग म्हणजे भिडस्त माणूस. रोज ट्रेनने शिकागोला जायचा, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचा, घरी येऊन ग्रीन कार्डची वाट पाहायचा. वाट पाहून पाहून माणूस काहीतरी शोधायला लागतोच म्हणा. पण लाड किती करावेत? त्या यंत्राला मऊ फडक्याने पुसायचं, थंडीत ब्लँकेट, आणि गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवायचं. मला मात्र तारेच्या घासणीने घासायचा. शैला म्हणाली, "सवत आणलीस की रे घरात." तेव्हा मला फार बरं वाटलं. निदान आम्ही दोघं एका पक्षात होतो.

एकदा ते नीट चालतंय का हे बघायला त्याने मला गालिच्यावर ठेवलं आणि ती चकती माझ्यावरून फिरवली. यंत्र असं ओरडलं की शैला स्वयंपाकघरातून धावत आली. श्रीरंग हसत सुटला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे माझ्यावर ओरडणार कोण?

पण यंत्र असून भागत नाही. दुसऱ्याच्या जागेत शोधायचं तर मालकाची परवानगी लागते, आणि ती दार वाजवून तोंडाने मागावी लागते. श्रीरंगला हे म्हणजे फाशीवर जाण्यासारखं. गुळगुळीत दाढी करायचा, आरशासमोर भाषण पाठ करायचा: मी जवळच राहतो, तुमच्या लॉनवर जुनी नाणी शोधू का, प्रत्येक खड्डा बुजवीन, गवत होतं तसं लावीन, जे सापडेल ते आधी तुम्हाला दाखवीन. यंत्र गाडीत ठेवून जायचा, कारण अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवसच तसे होते. आपल्यासारखा सावळा माणूस हातात दांडा घेऊन दारात उभा राहिला तर लोक दचकायचे. दांडा नसतानाही दारं बंद व्हायची. काही जण तर पडद्याआडून बघायचे आणि घरात कुणी नसल्यासारखे गप्प राहायचे.

शेवटी शैलाच म्हणाली, "अरे, रिकाम्या हाताने जातोस, कोण उघडेल? लाडू घेऊन जा." दह्याच्या डब्यात लाडू बरे दिसेनात, म्हणून तिने मला काढलं. वर दम दिला: एकेक लाडू द्यायचा, डबा हातातून सोडायचा नाही.

आणि दारं उघडायला लागली. श्रीरंग माझं झाकण काढायचा, तुपाचा वास आत जायचा, आणि कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. अगदी सगळीकडे नाही. एका गल्लीतून कुणीतरी फोन केला आणि पोलीस आला. त्याने चार पावलांवरूनच विचारलं, डब्यात काय आहे? श्रीरंगने झाकण उघडलं. त्या बाबाने लाडू पाहिले, घेतला मात्र नाही, आणि घरी जायला सांगितलं. त्या रात्री श्रीरंग जेवला नाही. पुढच्या रविवारी मात्र मला घेऊन पुन्हा निघाला. माणूस भिडस्त असेल, पण चिवट होता.

आता न्याय बघा. दार मी उघडून द्यायचो, आणि संध्याकाळी टेबलावर मांडून कौतुक कुणाचं? यंत्राचं. काय सापडायचं? बाटल्यांची बुचं, गंजके खिळे, झिजलेली नाणी, एकदा अर्धा चमचा. श्रीरंग मित्रांना फोन करून सांगायचा, "मशीन काय जबरदस्त आहे यार!" लाडवांचं नाव नाही. डब्याचं तर नाहीच नाही.

ट्रेनच्या खिडकीतून त्याला रोज एक घर दिसायचं. पांढरं, लाकडी, गावातल्या सगळ्या घरांहून म्हातारं, आणि पुढेमागे हे एवढं अंगण. तिथे मिसेस ओल्सन नावाच्या आजीबाई एकट्या राहायच्या. असल्या छंदाच्या माणसांना त्यांनी आजवर वाटेला लावलं होतं. श्रीरंग वर्षभर नुसता बघत राहिला. २००५च्या दिवाळीत लाडू झाले, तेव्हा मला घेऊन गेला.

दार साखळीपुरतं उघडलं. आत एक पक्षी गात होता. श्रीरंगने भाषण म्हटलं, मधलं एक वाक्य विसरला, आणि घाईघाईने झाकण काढून मला पुढे केलं. आजीबाईंनी साखळी काढली. एक लाडू नाही घेतला. मलाच दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, आणि म्हणाल्या की इतकी सुंदर भेट त्यांना कितीतरी वर्षांत कुणी दिली नव्हती. बर्फ वितळलं की ये, पुढचं अंगण तुझं. आणि दार लागलं.

श्रीरंग पायरीवर उभा. हातात झाकण.

यापुढचं घरातलं जे सांगतो ते मला झाकणाकडूनच कळलं. शैलाने ते त्याच्या हातून काढून घेतलं. मग म्हणाली, "परत जा आणि माग." श्रीरंग म्हणाला, "दिलेली वस्तू परत कशी मागू? तिला गिफ्ट वाटलं ते. वाईट वाटेल तिला. आणि परमिशन कॅन्सल केली तर?" तेवढं शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं. शैला म्हणाली, "म्हणजे अनोळखी माणसाचं अंगण खणायला मागता येतं, आणि माझ्या आईचा डबा मागता येत नाही." झाकण तिने ओट्यावर समोरच ठेवलं, दह्याच्या पातेल्यावर. रोज त्याच्या नजरेला पडावं म्हणून.

आणि मी? मी आजीबाईंच्या खिडकीत. लाडू संपल्यावर त्यांनी माझ्यात पक्ष्याचे दाणे भरले. तो कॅनरी, पिवळाधमक, नाव पीचेस. वसंतात दर रविवारी श्रीरंग यायचा आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या यंत्राला घेऊन अंगणात फिरायचा. हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान खाली घालून, जणू दोघांचं काही गुपित चाललंय. काच मध्ये होती. एकदाही मान वर केली नाही त्याने. केली असती तर उन्हात चमकणारा मी दिसलो असतो. मी खिडकीत जळत राहायचो. घरी त्या झाकणावर शैलाची नजर पडत असेल, या विचाराने आणखी जळायचो.

पीचेसचाही मी आधी रागच करायचो. पण तो माझ्या काठावर येऊन बसायचा, पोटात डोकावून गायचा, आणि ते गाणं माझ्या अर्ध्या रिकाम्या पोटात घुमायचं. आजीबाई ऐकत बसायच्या. त्यांच्याशी त्या घरात बोलणारं तेवढंच एक होतं. २००७च्या हिवाळ्याआधी एका सकाळी तो पिंजऱ्यात खाली पडलेला सापडला. आजीबाईंनी त्याला रुमालात गुंडाळलं आणि घरातली सगळ्यात चांगली वस्तू शोधायला लागल्या. कपाट उघडून बघितलं, बंद केलं, आणि माझ्याकडे आल्या. झाकण नव्हतं, म्हणून लग्नातल्या सेटमधली निळ्या फुलांची बशी वर ठेवली. मागच्या अंगणात, लायलॅकच्या झुडपाखाली, स्वतःच्या हातांनी खड्डा खणला.

मातीखाली मला एकच सुख होतं. आता तो नि त्याचं यंत्र दिसत नव्हते.

२००८च्या वसंतात आजीबाईंनी श्रीरंगला मागचं अंगणही मोकळं केलं. त्या रविवारी त्याच्याबरोबर शैला आली होती. तिने घरी सांगून टाकलं होतं, तुला मागवत नाही ना, मी मागते. हातात झाकण होतं, आणि दुसऱ्या हातात लाडवांनी भरलेला दह्याचा डबा, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. ती पुढच्या दाराकडे गेली. श्रीरंग मागे आला.

वर पावलं वाजली. चकती सरकत आली. आणि ते किंचाळलं. तेच ते, गालिच्यावरचं ओरडणं. श्रीरंग जागच्या जागी थांबला. खणायला लागला, बशी लागली, बशीखाली माझा काठ. बोटाने माती पुसली आणि पोटावरचं नाव वाचलं. "शैला!" अशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

शैला आली, मागोमाग आजीबाई. शैलाने गुडघे टेकले, नाव बघितलं, आणि रडू आवरेना. मग तिने रुमालाची घडी बाजूला केली. आत मूठभर पिवळी पिसं.

आजीबाई काठीवर वाकून उभ्या होत्या. म्हणाल्या, मला माहीत नव्हतं हा कुणाच्या आईचा आहे, त्याला ठेवायला याहून चांगलं माझ्याकडे काही नव्हतं. त्याला दुसऱ्या खोक्यात ठेवते, डबा धुऊन देते, घेऊन जा. आणि वाकायला लागल्या.

मी आतून ओरडत होतो. कर, रिकामा कर मला, घरी ने. ज्या घरात ते यंत्र पुढच्या सीटवरून येतं, त्या घरात मला माझी जागा परत हवी होती.

शैलाने आजीबाईंचा हात धरला आणि त्यांना थांबवलं. श्रीरंगला म्हणाली, "आईने कधी कुणाचा डबा रिकामा परत केला नाही. भरलेला डबा मी रिकामा करून नेऊ?"

झाकण तिने पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं, आणि माझ्यावर ठेवून तळव्याने दाबलं. टक् असा आवाज झाला. अडीच वर्षांनी. ज्या झाकणाच्या नावाने मी कडाकडा बोटं मोडली होती, ते माझ्या डोक्यावर इतकं बरोबर बसलं की माझी बोलतीच बंद झाली. माती श्रीरंगने लोटली, हाताने, आणि गवताचा तुकडा होता तसा लावला.

निघताना आजीबाईंनी ती निळ्या फुलांची बशी धुऊन शैलाला दिली. वर चिमूटभर साखर ठेवून. तो नियम त्यांना शैलानेच पायरीवर बसून सांगितला होता. आता शैलाच्या घरात दह्याच्या पातेल्यावर ती बशी असते. हो, मी तिचाही मत्सर करतो.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. कुणाच्या दारात डबा घेऊन गेलात तर झाकण हातात ठेवू नका. द्यायचं तर दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही घट्ट धरा. अर्धं दिलं की दोन्हीकडे जळतं.

आणि त्या यंत्राचं म्हणाल, तर ते अजून येतं. मागच्या अंगणात आलं की माझ्यावरून जातंच. श्रीरंगला ठाऊक आहे इथे काय आहे, तो वळसा घालून जाऊ शकतो. जात नाही. माझ्या डोक्यावर येतो, ते मोठ्याने ओरडतं, तो क्षणभर उभा राहतो, आणि मग पुढे जातो. इतकी वर्षं मला वाटायचं ते माझ्यावर ओरडतं. पण एवढ्या मोठ्या अंगणात मी इथे आहे हे दर रविवारी तेवढंच सांगतं.

थांबा. पावलं वाजतायत. आलं ते. ओरडू दे त्याला.