लाल खुणांचा आवाज

नीरजाने स्पीकरची वायर घट्ट बसवली आणि खुर्ची भावाकडे सरकवली.

"आता मुद्दाम चूक कर," ती म्हणाली.

वेदने एक ओळ लिहिली आणि शेवटचा अर्धविराम गाळला. स्पीकर हलकेच वाजला. त्याने अर्धविराम घातला, आवाज थांबला. पुन्हा गाळला, पुन्हा घातला. पिठाचे हात तसेच घेऊन आई बाहेर आली.

"काय वाजतंय गो?"

"माझ्या चुका," वेद म्हणाला.

दीड वर्षापूर्वी, सव्विसाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली आणि पुण्यातली नोकरी सोडून तो रत्नागिरीला परतला. स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम त्याला अक्षरं ऐकवायचा. पण कोड लिहिताना चुकलेल्या ओळीसमोर जी लाल खूण उमटते, ती त्या प्रोग्रामला वाचता येत नसे. कोड लिहायच्या त्या सॉफ्टवेअरला कुणीही आपलं प्लगइन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, जोडू शकत होतं. मात्र या खुणा जिथे तयार होत, तो भाग 'अंतर्गत' म्हणून बाहेरच्यांना बंद होता. तंत्रनिकेतनातली नोकरी सांभाळून नीरजाने सगळ्या उघड्या वाटा धुंडाळल्या, आणि शेवटी ती बंदी चुकवून आत शिरली. खूण उमटली की स्पीकर वाजवणारं प्लगइन तिने बनवलं.

"आतलं ते सॉफ्टवेअरवाले कधीही बदलतात," वेदने बजावलं होतं. "मग तुझं बंद पडेल."

"पडेल तेव्हा बघू."

पुण्याच्या जुन्या साहेबांनी त्याला चाचणीपुरतं एक काम दिलं. जमलं तर घरूनच नोकरी. त्या दिवसापासून वेदला चैन नव्हतं. लिहायचा, उठायचा, भिंतीला हात लावत ओटीपर्यंत जायचा, अर्ध्यातून परत फिरायचा. आवाज झाला की दचकायचा. पण दुरुस्त करायचा.

शनिवारी नीरजा घरी आली तेव्हा सांदणांचा वास घरभर होता. वेद संगणकासमोर ताठ बसला होता.

"संपलं," तो म्हणाला. "आज एकदासुद्धा वाजलं नाही. पुण्याहून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, ती सकाळी घातली आणि बसलो ते बसलोच. आता पाठवून देतो."

नीरजा दारातच थांबली. संगणकाच्या पडद्यावर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल खुणा होत्या.

काय झालं ते तिला लगेच कळलं. नव्या आवृत्तीत आतलं काहीतरी बदललं होतं. तिचं प्लगइन जुन्या नावाने शोधत होतं आणि काही न सापडता मुकाट परतत होतं. तो जेवायला उठला की प्लगइन आणि त्याच्या चुका आपणच गुपचूप दुरुस्त करून टाकाव्यात का? तिने खांद्यावरची पर्स काढली, पुन्हा खांद्याला अडकवली.

"वेद, पाठवू नकोस. प्लगइन बंद पडलंय."

त्याची बोटं कीबोर्डवरून उचलली गेली.

"आणि चुका?"

"आहेत. बऱ्याच आहेत."

आई बशी घेऊन दारापर्यंत आली, दोघांकडे पाहिलं आणि पावलं न वाजवता मागे फिरली.

"तू आल्यावर बराच वेळ नुसतीच उभी होतीस," वेद म्हणाला. "आई आत्ता गुपचूप येऊन गेली. कळतं मला."

नीरजाने पर्स खाली ठेवली.

"तुझा कोड वाचून दाखव मला."

ती शेजारी बसून वाचू लागली. एका ठिकाणी तिचा आवाज खाली गेला.

"इथून आत गेलीस?"

"हो."

"आणि आत काही सापडलं नाही तर काय करायचं?"

"ते रिकामं ठेवलंय, काहीच वाजत नाही. तुला उगाच त्रास नको म्हणून."

वेदने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"सरक जरा. नवीन नाव शोधू आपण. पण आधी हे रिकामं भरायचं. आणि सगळं ठीक असेल तेव्हाही अधूनमधून वाजलं पाहिजे."

"कंटाळशील."

"कंटाळेन. पण गप्प असलं की सगळं ठीकच आहे, असं मी धरून चालतो गो."

तो टाइप करू लागला. प्रोग्रामचा एकसुरी आवाज एकेक अक्षर उच्चारत राहिला.

नीरजा उठून स्वयंपाकघरात गेली. आई ओट्यापाशी बशी धरून तशीच उभी होती.

"काय म्हणतो?" तिने कुजबुजत विचारलं.

"तूच जाऊन विचार," नीरजा म्हणाली. "मोठ्याने."