जास्तीचे पैसे

घरात सगळे तिला थोरली म्हणत. घरी बसून कुठकुठल्या गिऱ्हाइकांना ती ऑनलाइन चित्रं काढून द्यायची, त्यावरच घर चालायचं. मुलांच्या पुस्तकासाठी बावीस चित्रांचं काम आलं, तेव्हा दीड महिना मान मोडून तिने ते पुरं केलं. आज सकाळी पैसे आले, तेही ठरल्याच्या चौपट.

पाठोपाठ गिऱ्हाइकाचा फोन.

"ताई, घोटाळा झाला हो! अकाउंटंटने दुसऱ्याचं बिल तुमच्या नावावर टाकलं. तुमचे ठेवा, बाकीचे परत पाठवा. खाते नंबर मेसेज केलाय. अर्ध्या तासात नाही आले तर बिचाऱ्याची नोकरी जाईल."

थोरली हळहळली. दुसऱ्याचा पैसा ठेवायचा कशाला? तिने रक्कम टाइप केली, पिन टाकायला बोट उचललं.

"कुणाचं खातं ते?" मटार सोलत बसलेल्या आत्याने विचारलं. तिने बँकेच्या खिडकीत तीस वर्षं काढली होती.

थोरलीने पाहिलं. पैसे एका बाईच्या खात्यातून आले होते. परत मागितले होते ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात.

"आल्या वाटेनेच जाऊ देत की," आत्या म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. "मी बँकेला सांगते," थोरली म्हणाली, "ते आले त्याच खात्यात परत पाठवतील."

पलीकडचा आवाजच बदलला.

"पैसे लाटतेस? तुझा पत्ता आहे माझ्याकडे. वीस मिनिटं देतो."

तिने दाराला कडी घातली. "पाठवून टाकते गं आत्या. ब्याद तरी टळेल."

"कडी काढ आणि चपला घाल," आत्या म्हणाली.

बँकेतल्या साहेबांनी खातं उघडून पाहिलं आणि ते खुर्चीत ताठ झाले. "एका निवृत्त नर्सबाईंचं खातं सकाळी कुणीतरी साफ केलंय. तासाभरापूर्वीच तक्रार आलीय. तुम्ही पैसे पुढे धाडले असते तर चोर नामानिराळा आणि पोलीस तुमच्या दारात. आता चौकशी होईपर्यंत तुमचं खातं बंद."

"आणि माझी चित्रं?"

"ते काम म्हणजे तुमचं खातं वापरायचा नुसता बहाणा," साहेब म्हणाले. असं कुठलं पुस्तकच नव्हतं.

तीन आठवडे घरात ओढाताण झाली. दाराची बेल वाजली की थोरली दचकायची. शेवटी नर्सबाईंचे पैसे त्यांना परत गेले आणि खातं सुरू झालं. कामाचा एक पैसाही आला नाही.

मग एके दुपारी नर्सबाईंचा फोन आला. नंबर त्यांनी पोलिसांकडून मिळवला होता. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. सावरल्यावर थोरलीकडून चित्रांची हकिगत ऐकून त्यांनी विचारलं, "काय गं काढलं होतंस एवढं?"

थोरलीने बावीसच्या बावीस चित्रं पाठवून दिली. तासाभराने उत्तर आलं.

"सगळी पाहिली. सातव्या चित्रातल्या कासवाला पाच पाय कसे गं?"

थोरलीने चित्र उघडून पाय मोजले. खरंच पाच होते. तिला हसू आवरेना.