गौरीचे हात

टप्प.

दुपारच्या घरभर पसरलेल्या शांततेत तो एवढासा आवाजही केवढा तरी मोठा वाटला. मोरीतल्या पत्र्याच्या डब्यातून गढूळ पाणी खालच्या पितळी झाकणावर ठिबकलं होतं. तमारनं दचकून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिची लेक मिरियम झोपलेलीच होती. तमारनं झाकण बाजूला सारलं, डब्यावरचं ओलं गोणपाट पुन्हा नीट ओढून घेतलं.

गोणपाटाखाली कळलावीची वेल होती. कर्नाळ्याच्या डोंगरावरून तिनं स्वतःच्या हातांनी, कंदासकट उकरून आणलेली.

नव्याचा सण, म्हणजे त्यांचं यहुदी नवं वर्ष, झाला की इस्रायलला कायमचं जायची बोट. नवरा, इनॉक, कागदपत्रांसाठी मुंबईच्या खेपा घालत होता आणि तमार ट्रंका भरत होती. भांडी, पाटा, मिरियमचं अंगडं, सगळं भरूनही तिला वाटे, या डोंगराचं काहीतरी बरोबर हवं. उन्हाळाभर मातीत निजून राहणारं आणि पाणी मिळालं की दरवर्षी पुन्हा डोकं वर काढणारं.

वेलीची ती जागा तिला दाखवली होती रोज दारावर भाजी घेऊन येणाऱ्या सखूबाईनं. गुरांच्या वाटेच्याही वर, कारवीच्या गचपणात, काळ्या कातळाच्या फटीत. "खालची समदी आमी उपटून टाकतो. गुरानं तोंड लावलं का मेलंच. ही येकच राखलीय, गौरीच्या हातांसाठी," सखूबाई म्हणाली होती.

म्हणजे तमारला ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं कोयता चालवला होता. वेलीच्या पानापानाचं टोक कारवीच्या काटकीला वळसा घालून बसलेलं. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवावा तसं एकेक टोक तिला नखानं सोडवावं लागलं होतं.

"अगो तमारबाय, हायस का? का गेलीस बोटीत बसून, मला न सांगता?"

दारात सखूबाईच उभी. डोक्यावर भाजीची टोपली नव्हती, हातात फक्त एक पुरचुंडी.

"या ना, बसा. आज टोपली नाही?"

"टोपली कसली घेतेस! ही आमसुलं धर. बोटीत पोट ढवललं का चोखायची. पोरीलापन दे." ती उंबऱ्याशी टेकली, पदरानं तोंड पुसलं. "परवा गौर येतेय गो. वेनूचा पयला ओवसा. माझी सून सुपं घेऊन गौरीपुढं उभी ऱ्हायची, आन गौर माझी थोटी!"

"थोटी?"

"सकाली वर गेलेली. वेल नाय. नुसता खड्डा! तेरड्याचं आंग बांधीन, पन हात कुठून आनू? त्या काशिरामचंच काम, झाडपाल्याची औषधं करतो ना मेला! समद्या वाडीदेखत शिव्या घातल्या त्याला. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, तरी माझा इस्वास नाय."

तमारला वाटलं, आत्ताच उठावं, गोणपाट दूर करावं. फुलं अजून ताजी आहेत, पाण्यात ठेवली तर परवापर्यंत सहज टिकतील. फक्त तोंड उघडायचं होतं. समोर बसलेली ही बाई मिरियम तान्ही असताना, तमार विषमज्वरानं पडलेली असताना, रोज टोपली ओसरीवर टाकून आत यायची आणि मिरियमला पदराखाली घ्यायची. वर म्हणायची, "माझ्या धाकट्या शिवाचं पिऊन उरलंय, वाया कशाला घालवू?"

टप्प.

"काय गो गलतंय?"

"माठ," तमार म्हणाली. "माठ झिरपतोय."

किती सहज निघालं ते तोंडून!

"झिरपू दे. आता नवा घेऊ नको, बोटीत कुठं नेशील?" सखूबाई हसली. आत जाऊन तिनं निजलेल्या मिरियमच्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "मोठी झाली का मला वलखनार नाय ही." डोळे टिपत ती पायऱ्या उतरली.

तमार दारापर्यंत धावली. सखूबाई आळीच्या वळणाला पोचली होती. एक हाक पुरली असती. तमारनं चौकट घट्ट धरली आणि पाठमोरं हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत तशीच उभी राहिली.

मग ती मोरीत आली. गोणपाट उचलायला गेली तर ते सुटेना. आधाराला दुसरं काही न मिळाल्यानं वेलीच्या पानांनी गोणपाटाचेच धागे घट्ट धरून ठेवले होते. खाली पिवळी-लाल फुलं, पाकळ्या वर उलटलेल्या, पसरलेल्या बोटांसारख्या.

"आई."

मिरियम मागे उभी होती. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता.

"हेच ना गौरीचे हात?"

तमारनं मान डोलावली.

मिरियम खाली बसली. एका पाकळीला तिनं हळूच बोट लावलं आणि विचारलं, "मग आपण बोटीनं गेलो, की सखूमावशीची गौर ते मागायला तिकडे येईल का गं?"