मधली गिटार

"पाठ भिंतीकडे कर आणि मागे वळून बघायचं नाही," अध्यक्ष एकांगा म्हणाला. "बघितलंस तर सगळा खेळखंडोबा होईल."

"नाही बघत हो अध्यक्ष. मी काय शाळेतला पोर आहे?" न्झुझी म्हणाला आणि माझ्या बाकावर येऊन बसला.

बाक माझा, कढई माझी, आणि बारच्या मागच्या भिंतीचा तेवढा तुकडाही आता माझाच म्हणायचा. कित्येक वर्षं मी तिथे थॉमसन मासे तळते आणि केळीच्या पानात बांधलेल्या कसाव्याच्या क्वांग्याबरोबर विकते. मला सगळे याया म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून थोरली माणसंही म्हणतात, पण ते असो. भिंतीपलीकडे एकांगाचा बँड तालीम करतो. बँडच्या मालकाला आमच्या किन्शासात अध्यक्ष म्हणतात, आणि एकांगा तो मान झोपेतसुद्धा उतरवत नसावा. या बँडला मी पाहिलंय कमी, ऐकलंय जास्त.

न्झुझीची गिटार मधली. पहिली मायाम्बाची, पुढे उभी राहून बायकांना नाचवणारी. तिसरी नुसता ताल धरते. मधली या दोघींच्या बेचक्यात असते. ती वाजते आहे हे नाचणाऱ्याला कधी कळत नाही, पण ती नसली तर गाणं अंगावर ढगळ होतं. न्झुझी हे नाव आमच्यात जुळ्यातल्या दुसऱ्याला ठेवतात, आणि वाजवायचाही तो तसाच, मायाम्बाच्या केसभर मागून. बँडमध्ये त्याला उशिऱ्या म्हणत. तो रागवायचा नाही. आमच्या एकाच आवारात त्यांचं घर आणि माझं घर, त्यामुळे तो कशाला रागावतो आणि कशाला नाही ते मला ठाऊक आहे.

त्या दुपारी ब्रसेल्सला आमचे कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाने पाठवलेली तीन पेडलं आली होती, आणि त्यातलं चांगलं कुठलं ते न्झुझीने न बघता सांगायचं होतं. कोरस म्हणतात त्यांना. पायाखाली ठेवायची डबी. गिटारचा आवाज आत घेते, त्याची नक्कल करते आणि ती नक्कल जराशी मागाहून, जराशी हलवून सोडते, म्हणजे एकाच गिटारच्या दोन वाटतात. पुढच्या आठवड्यात बँड ब्रसेल्सला निघणार होता, पहिल्यांदाच. न्झुझीच्या बायकोने, लुसाम्बाने, नवऱ्यासाठी बाजारातून थंडीचा जाड कोट आणून खिळ्याला टांगला होता आणि आवारातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला होता. घामाच्या धारा पुसत आम्ही त्या कोटाचं कौतुक केलं होतं.

"यातलं एक मला मिळणार, याया," न्झुझी मला हळूच म्हणाला. "नाहीतर माझ्या कानाला कशाला विचारलं असतं?"

आत मायाम्बाने पहिलं पेडल दाबलं आणि वाजवायला सुरुवात केली.

"हं, सांग," भिंतीतल्या झरोक्यातून अध्यक्षाचा आवाज आला.

"हे डुलतंय. ब्राझाव्हिलच्या फेरीबोटीवर ट्रक चढवताना ती डुलते ना, तसं. पोटात ढवळतं. नको."

आत कुणीतरी हसलं. दुसरं पेडल सुरू झालं. ते मला आवडलं. गोड, चकचकीत. न्झुझीने मात्र तोंड वाकडं केलं.

"चहात सहा चमचे साखर. एक गाणं बरं वाटेल, दुसऱ्या गाण्याला लोक बिअर प्यायला उठतील. ठेवा बाजूला."

"आणि आता?"

मायाम्बाने तेच गाणं पुन्हा धरलं. मी मासा उलटत होते, झारा तसाच हातात राहिला. न्झुझी बाकावर ताठ झाला. त्याने डोळे मिटले.

"उशिऱ्या, झोपलास का?"

"अध्यक्ष, थट्टा पुरे," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे पेडल नाही. आत कुणीतरी बसलंय."

आतली गिटार थांबली. सगळंच थांबलं.

"कोण बसलंय?"

"मला काय विचारता? मधली वाजवतोय तो. चांगला वाजवतो, उगाच पुढे पुढे करत नाही, मायाम्बाला जागा देतो. कुठून आणलात? आणि माझ्यापासून लपवून कशाला? तोंडावर सांगायचं होतं की."

असं म्हणून तो उठला. मी त्याच्या शर्टाला हात घातला, "बस रे, ऐकून तर घे," म्हणाले, पण तो गेलाच. मीही कढई सोडून मागोमाग गेले. नव्या माणसाच्या कानाखाली वाजवतो की काय, असं मला वाटलं.

आत नवा माणूस नव्हता. मायाम्बा एकटाच स्टुलावर बसला होता आणि त्याच्या बुटापुढे साबणाच्या वडीएवढी निळी डबी पडली होती. बाकीचे भिंतीला टेकून उभे होते, कुणी न्झुझीकडे बघेना. त्याने कोपरे बघितले. दाराआडही बघितलं. मग तो त्या डबीपाशी उकिडवा बसला, आणि त्याला सगळं कळलं.

"ब्रसेल्सवाल्याने आठच तिकिटं पाठवली," अध्यक्ष म्हणाला. त्याच्या सावकाश, भाषणाच्या आवाजात, पण नजर जमिनीवर. "आपण नऊ. मी काय करू? तालवाला गेला तर गाणं पडतं. गायक गेला तर लोक पैसे परत मागतात. मी स्वतःशी म्हटलं, उशिऱ्याचा कान काय म्हणतो बघू. त्याने ओळखलं की यंत्र आहे, तर मी भांडेन नवव्या तिकिटासाठी."

"आणि मी म्हणालो की माणूस आहे."

"तू म्हणालास."

"चांगला वाजवतो म्हणालो."

मायाम्बाने गिटार उतरवून ठेवली. "मी सांगितलं होतं यांना, हे बरं नाही म्हणून," तो पुटपुटला. त्याचं खरं असावं. वीसेक वर्षं हे दोघं एकमेकांशेजारी उभे राहिले होते.

न्झुझी उठला, आपली गिटार खोळीत घातली आणि माझ्या कढईवरून, बाकावरून, सरळ घरी गेला. मला एकांगाचा इतका संताप आला की त्या दिवशी त्याच्या माणसाला मी मासे दिले नाहीत.

पुढचे दिवस आमच्या आवारात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. लुसाम्बा भांडी आपटायची. "ब्रसेल्सहून आले की घेतील त्याला परत," शेजारीण म्हणाली, तेव्हा लुसाम्बाने तिला विचारलं, "डबीला जेवण लागत नाही, खोली लागत नाही. तुम्ही घेतला असतात का माणूस परत?" कोट खिळ्यालाच होता.

गुरुवारी सकाळी मी अंगणात मासे साफ करत होते. मायाम्बा आला. पाठीला गिटार, एका हातात छोटा अँप्लिफायर, दुसऱ्या हातात पिशवी. न्झुझी उंबऱ्यात बसला होता. त्याने सरकून जागा दिली.

"तो आवाज हरवला," मायाम्बा म्हणाला.

"कुठला?"

"तोच रे. तुझा. पिशवीत डबीची बटणं फिरली. कुठे होती ते कुणी बघून ठेवलं नव्हतं. दोनच बटणं आहेत, पण तीन दिवस फिरवतोय, कधी फेरी डुलते, कधी काहीच होत नाही. अध्यक्ष ओरडून ओरडून आजारी पडेल. म्हणतो, शनिवारच्या निरोपाच्या कार्यक्रमापर्यंत आवाज सापडला नाही, तर एका नाचणारीचं तिकीट कापून तुलाच नेतो."

लुसाम्बा दारात येऊन उभी राहिली. मासे धुणं सोडून मीही ऐकत होते, खोटं कशाला बोलू.

"मग माझ्याकडे कशाला आलास?" न्झुझीने विचारलं. "शहाणा असतास तर हरवलेला राहू दिला असतास."

"वाजवणाऱ्याला आतून ऐकू येत नाही. बाहेर बसून तू ऐकलं होतंस. तू म्हणशील तेच बटण. तू नाही म्हणालास तर मी जातो, मी काही मनात धरणार नाही."

"ते नाहीच म्हणणार आहेत," लुसाम्बा म्हणाली.

न्झुझीने एकदा तिच्याकडे बघितलं. मग डबी मांडीवर घेतली. अँप्लिफायरची तार आतल्या दिव्याच्या प्लगपर्यंत ओढली. मायाम्बा वाजवू लागला, न्झुझी बटणं फिरवू लागला. आवाज डुलला, घट्ट झाला, पातळ झाला. मध्ये एकदा, एवढासा वेळ, तो सापडला. मला ऐकू आला, म्हणजे त्याला आलाच असणार. त्याचं बोट थांबलं. आणि मग त्याने बटण पुढे सरकवलं, पार फेरी डुलेपर्यंत.

"हा," तो म्हणाला.

"हाच?"

"हाच."

मायाम्बाने मान हलवली. त्याने शंकासुद्धा घेतली नाही, बावळट माणूस. तार गुंडाळली, पिशवी उचलली, "देव तुझं भलं करो, भाऊ," म्हणाला आणि फाटकाकडे निघाला. लुसाम्बाच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा थोडं हसू आलं. मलाही बरंच वाटलं. जाऊ दे की, म्हटलं, एका नाचणारीने या वर्षी ब्रसेल्स नाही बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे? फाटकाची कडी वाजली.

"मायाम्बा," न्झुझीने हाक मारली.

"काय?"

"इकडे ये. चुकलो."

"चुकला नाहीत तुम्ही," लुसाम्बा दबक्या आवाजात म्हणाली. "जाऊ द्या त्याला. तुमच्या पाया पडते."

"अगं, ते यंत्र माझ्या जागी बसणार आहे," न्झुझी म्हणाला. "लोक डोळे मिटून ऐकतील. त्यांना वाटेल मधला दारू पिऊन आलाय. मी कधी असं वाजवलंय का? तूच सांग. कधी तरी?"

ती दारातून बाजूला झाली.

पुन्हा तार ओढली गेली. या वेळी न्झुझी मायाम्बाला आत खोलीत, कोटाखाली, बसवून स्वतः बाहेर माझ्या टोपलीशेजारी येऊन उभा राहिला, पाठ भिंतीला लावून. तिथून सांगत होता. "वेग कमी. अजून कमी. आता दुसरं, थोडं मागे. मागे म्हणजे मागे रे, मी कधी तुझ्या बरोबरीने आलोय का? हं. आणखी एवढंसं. थांब."

आत मायाम्बा एकटाच होता, पण दोघं वाजवत होते.

"हात लावू नकोस," न्झुझी म्हणाला. "याची खूण करायला हवी. पुन्हा फिरतील."

खडू चालेना, पेन उमटेना. लुसाम्बा आत गेली, कोट आणला त्या दिवशी घेतलेली नखांना लावायची लाल बाटली घेऊन आली, आणि दोन्ही बटणांपासून डबीपर्यंत एकेक जाड रेघ तिने स्वतः ओढली. डोळ्यांतलं पाणी डबीवर पडू नये म्हणून मान बाजूला करून. मायाम्बाला जायला तिने वाट दिली, पण त्याचा निरोप घेतला नाही.

शनिवारी निरोपाचा कार्यक्रम होता. ऊन उतरायच्या आतच बार भरला. बाहेर माझ्या कढईभोवती इतकी माणसं होती की मला मान वर करायला फुरसत नव्हती. गाणं सावकाश सुरू झालं, मग गायक गप्प झाले आणि गिटारींनी नाचाचा भाग हातात घेतला. मायाम्बा सुटला होता. त्याच्या मागून केसभर उशिरा मधली आली, उगाच पुढे पुढे न करता, त्याला जागा देत.

समोर एक परक्या वस्तीतली बाई माशाची वाट बघत उभी होती. मी मासा निथळत तिला सवयीने म्हणाले, "ऐका, हा आमचा न्झुझी. आमच्याच आवारात राहतो."

"याया, एक थॉमसन दे," तिच्या मागून कुणी म्हणालं.

मी वर बघितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही हात मोकळे. सगळं माहीत होतं मला, माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं:

"तू इथे? मग आत कोण वाजवतंय?"

त्याने जरा कान दिला. आत सगळे नाचत होते, भिंत हादरत होती.

"मीच आहे," तो म्हणाला. "क्वांगा जरा मऊ बघून दे."

मी मोठ्यातला मोठा मासा काढून दिला. तो घेऊन तो त्याच बाकावर, भिंतीला पाठ लावून बसला आणि क्वांग्याचं पान सोडू लागला.