न पढवलेला पाठ

शिक्षकांची कार्यशाळा म्हटलं की पुण्यातला कुठलाही शिक्षक डोळे मिटून कार्यक्रमपत्रिका सांगू शकतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, चहा आणि मग ‘आदर्श पाठ’. या पाठासाठी वर्गातली हुशार बारा मुलं निवडायची, आधी दोनदा त्यांची तालीम घ्यायची आणि मग सगळ्यांसमोर त्यांनी अशी फटाफट उत्तरं द्यायची, की बघणाऱ्या बाईंना आपल्या वर्गाची लाज वाटावी. बिचाऱ्या घरी जातात त्या काही शिकून नाही, हिरमुसून जातात. प्रियदर्शनी ओव्हाळला या नाटकाचा मनापासून तिटकारा होता.

सदाशिव पेठेतल्या एका प्रशिक्षण संस्थेत ती सहा वर्षं अशाच कार्यशाळा आखत आली होती. यंदा तिने निमंत्रण स्वतः लिहिलं आणि शिक्षकांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिलं: ‘विषय चौथीचे अपूर्णांक. मुलं हजेरीपटावरची पहिली बारा. तालीम नाही. पाठ फसू शकतो. सत्कार नाहीत, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांनी येऊच नये.’

ते वाचून संस्थेचे संचालक उत्तरेश्वर सर तिच्या टेबलाशी आले.

“मॅडम, पाठ फसू शकतो अशी जाहिरात करतं का कुणी? आपला काही ब्रँड आहे.”

“डॉक्टरही सांगतातच की, ऑपरेशन फसू शकतं म्हणून. वर सहीसुद्धा घेतात.”

“म्हणून पेशंट उड्या मारत येतात का?”

“साठ आलेत. नोंदणी बंद करावी लागली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “स्पष्टच सांगतो. पाठ फसला तर ही आपली शेवटची कार्यशाळा. जूनपासून तुमच्या जागी मी दुसरं कुणी बघेन.”

“बघा,” ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

पाठ घेणार होत्या पुण्याबाहेर मांजरी गावाकडच्या एका शाळेतल्या द्वारकाबाई. महिनाभर दर शनिवारी प्रियदर्शनी बसने तिकडे जाऊन त्यांच्या वर्गात मागच्या रांगेत बसली होती. बाईंचं अक्षर यथातथाच, फळ्यावरच्या आकृत्या वाकड्या. पण मूल चुकलं की त्या थांबायच्या आणि खऱ्या कुतूहलाने विचारायच्या, “कसं काय ते सांग की.” एवढी एक गोष्ट प्रियदर्शनीला साठ शिक्षकांना दाखवायची होती.

“एवढी माणसं बघायला हायत मॅडम. मी गडबडले तर?” द्वारकाबाई विचारायच्या.

“खुशाल गडबडा. तेच बघायला बोलावलंय त्यांना.”

कार्यशाळेच्या दिवशी सभागृह वेळेवर भरलं. पुढे सतरंजीवर बारा मुलं बसली. द्वारकाबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि तो संपायच्या आत बाराही हात वर गेले. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या प्रश्नाला तर एका मुलाने चौथ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आणि जीभ चावली. सभागृहात ओळखीचं हसू पसरलं. ही चूक कुठून येते ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाच्या मुलांनी ती कधी ना कधी केली होती.

पाठ वीस मिनिटांत संपला. टाळ्या पडल्या. सर मागून अंगठा उंचावून शाबासकी देत होते. प्रियदर्शनीच्या डोक्यात मात्र तिडीक गेली. ती द्वारकाबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “तालीम घेतलीत?”

बाईंची मान खाली गेली. “दोनदा. परवा सरांचा फोन आलता. पाठ फसला तर मॅडमची नोकरी जाईल म्हणाले. मी काय करू मग?”

राग आला तो कुठे ठेवावा तेच तिला कळेना. या बाईने तिच्या मायेपोटी तिचंच काम मातीत घातलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर नोकरी शाबूत, सर खूश, द्वारकाबाईंची अब्रू झाकलेली. आणि साठजणी परत एकदा हिरमुसून घरी.

तिने माईक घेतला.

“हा पाठ पढवलेला होता. यात बाईंचा दोष नाही, त्यांना माझ्या नावाने घाबरवण्यात आलं. मी तुम्हाला वेगळं कबूल केलं होतं, म्हणून आता पाठ मी घेते. सहा वर्षांत मी मुलांसमोर उभी राहिलेली नाही. नीट बघा.”

सर अर्धे उठले. ती तोवर फळ्याशी पोचली होती. तिने खडूने १/४ आणि १/८ लिहिलं.

“यातला मोठा कुठला?”

“एक छेद आठ!” बाराजण एका सुरात ओरडले. हे त्यांना कुणी पढवलं नव्हतं.

तिने फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे चार तुकडे, दुसरीचे आठ. “आता सांगा.”

दीक्षा नावाची एक बारकी मुलगी उभी राहिली. “आठच मोठा, मॅडम. आमच्या घरी आठ माणसं हायत. चारच तुकडे केले तर चौघं उपाशी राहत्याल.”

प्रशिक्षणाच्या चार पुस्तिका प्रियदर्शनीने स्वतः लिहिल्या होत्या, पण या उत्तराला उत्तर त्यातल्या एकीतही नव्हतं. द्वारकाबाई पुढे आल्या आणि दीक्षाशेजारी सतरंजीवर बसल्या.

“कसं काय ते सांग की. आठात तुझ्या वाट्याला केवढी येती?”

“एवढुशी.”

“आन चारात?”

“लई. पण मग आईला नाही.”

दीक्षासकट सहा मुलं एका बाजूला झाली, सहा विरुद्ध. वाद रंगला आणि घंटा झाली तरी मिटला नाही. पाठ साफ फसला होता. टाळ्या नाहीत, कुजबुज नाही. साठजणी मुलांकडे टक लावून बघत होत्या.

उत्तरेश्वर सर पुढे आले. “झालं समाधान? या सभागृहात पुढची कार्यशाळा होणार नाही.”

प्रियदर्शनीने माईक अजून सोडला नव्हता. “सर म्हणतात, पुढची कार्यशाळा इथे होणार नाही. मलाही इथे घ्यायची नाही. मुलं तुमच्याच वर्गात आहेत, मी तिथे येईन. कुणाचा वर्ग मिळेल?”

मग पहिल्या रांगेतून कौशल्याबाई उठल्या. आदर्श शिक्षिकेचे दोन पुरस्कार, पेठेतल्या नावाजलेल्या शाळेत तीस वर्षं. त्यांच्या पाठाला मुलं कधी चुकत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

“माझा घ्या. येत्या शनिवारी.”

“पाठ कुठला घ्याल, बाई?”

“भागाकार,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तीस वर्षं तालीम घेऊन दाखवतेय. मुलांना तो अजून एकदाही कळलेला नाही.”