तिसऱ्या मजल्यावरची द्राक्षवेल

मी द्राक्षवेल बोलतेय. करी रोडच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, निळ्या पिंपात माझा मुक्काम. समोर टॉवर उभा राहिल्यापासून थेट ऊन मिळत नाही. दुपारी त्याच्या काचांवरून परतून येतं, तेवढंच माझं.

माझं माहेर दिंडोरीकडचं, टेकडीच्या उतारावरचं. आमची जात वाइनची. मणी बारीक, साल जाड, बी टणक. बाजारात आम्हाला कोणी विचारत नाही, कारखान्यात मात्र गाड्या भरभरून जातो. गंमत अशी, की गावात शिवारभर वाइनची द्राक्षं, पण वाइन चाखलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आमचे मालक माधवआबा तर माळकरी. सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं यायची, ग्लास उन्हात धरून रंग बघायची. आबा बांधावरून म्हणायचे, "पिकवायचं आम्ही, वास घ्यायचा त्यांनी." दिवाळीच्या आधी पेठ-सुरगाण्याहून मजुरांची कुटुंबं बिऱ्हाडासकट उतरायची. माघाच्या थंडीत, ऊन चढायच्या आत, आखडलेल्या बोटांनी घड उतरवायची.

ऑक्टोबरातली, फळ धरवणारी गोडी छाटणी मात्र आबा स्वतः करत. काडीवरच्या कोंबाला आमच्याकडे डोळा म्हणतात. दोन डोळे राखायचे, तिरपा काप द्यायचा. कापल्या जागेतून पाणी ठिबकतं. माणसं म्हणतात, वेल रडते.

अशाच एका छाटणीच्या दिवशी आबांची मुलगी कालिंदी घर सोडून निघाली. ती परळच्या इस्पितळात नर्स होती आणि गौतमशी, जातीबाहेर, लग्न करणार होती. आबा वेलीकडे तोंड करूनच म्हणाले, "मला मुलगी नव्हतीच असं समजेन." जाताना खाली पडलेली एक काडी तिनं पिशवीत घातली. कोणी पाहिलं नाही. ती काडी म्हणजे मी.

सहा वर्षांत मी गजांवर चढले, पानांनी भरले, पण घड एकही धरला नाही. कालिंदीनं मला कधी कात्री लावली नाही. तिच्या सासूबाई, शेवंतीबाई, मायेनं रोज तांब्याभर पाणी ओतायच्या. माहेराचा विषय घरात निघत नसे.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. शेवंतीबाई एकट्याच घरी होत्या. गॅलरीत कचकच आवाज आला म्हणून त्या बाहेर आल्या. पांढरी टोपी घातलेला म्हातारा पाठमोरा उभा राहून माझ्या काड्या छाटताना त्यांना दिसला. सुनेच्या मोबाइलमधला आबांचा, अशाच टोपीतला फोटो त्यांनी पाहिला होता.

"अगो बाई, व्याही! इलात तुम्ही?"

म्हातारा वळला नाही. "पाणी तोडा जरा. मुळं कुजतील."

"बसा तर. च्या घेतल्याशिवाय जावचा नाय हां."

त्या कप घेऊन परत आल्या, तर गॅलरी रिकामी. जिन्याच्या तोंडाशी शेजारची सीमा तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोरून कोणीच गेलं नव्हतं. लादीवर काड्यांचा ढीग पडला होता. प्रत्येक काप तिरपा, मागे दोनच डोळे. आणि मी सगळ्या तोंडांनी ठिबकत होते.

कोण होतं, ते मला विचाराल, तर मला दिसलं नाही. वेलीचे डोळे फुटायला असतात, बघायला नाही. हात मात्र कळतो. तो हात थंड होता, आणि माझ्या ओळखीचा होता.

दुपारी कालिंदीच्या भावाचा, सिद्धांतचा, फोन आला. सहा वर्षांत पहिलाच.

"काली, आबांना श्रावणात अर्धांगवायू झाला. उजवा हात उचलत नाही, वाचाही गेली होती. आज दहाच्या सुमाराला एकदम बोलले. म्हणाले, कालीच्या वेलीला पाणी जास्त होतंय. कुठली वेल गं?"

कालिंदी तशीच उठली आणि गावाला गेली.

चौथ्या दिवशी परतली, ती माझ्याशेजारी बसून सासूबाईंना सांगू लागली. "आई, त्यांचा तो उजवा अंगठा सारखा ओला होत होता. वहिनी पुसायची, पुन्हा ओला. काल सकाळी थांबला." शेवंतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही काल सकाळीच ठिबकायची थांबले होते.

"बोलले काय तुझ्याशी?"

"नाही. डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं. झोप लागली तरी सोडलं नाही."

त्या हंगामात मला चार घड लागले. कालिंदी ते डब्यात घालून आबांकडे घेऊन गेली. त्यांनी एक मणी जिभेवर घोळवला, बी थुंकली आणि म्हणाले, "गोडी धरलीये." नंतर चैत्रात ते गेले. त्यांच्या उशाशी कालिंदी होती.

आता पुन्हा ऑक्टोबर लागलाय. माझ्या काड्या सीमाच्या खिडकीत शिरल्यात. शेवंतीबाई रोज दहाला गॅलरीत स्टूल मांडतात आणि आत जाऊन चहा ठेवतात. कालिंदी दाराआड उभी राहून वाट पाहते. "येतील," म्हणते.

तिला ऐकू जाईल असं मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं. अगं, तो हात आता येणार नाही. मला कळतं ते. ज्याचा जीव अडला होता, तो मोकळा झाला. न छाटलेल्या वेलीला नुसता पाला येतो, बाई. तू कात्री घे. दुखायचं ते मला दुखू दे.