चाळीस तास

बाबा गेले त्याला चार दिवस झाले होते. त्यांचं टेबल आवरायला मी प्रयोगशाळेत गेले, तर त्यांची भट्टी चालूच.

"बंद करायला कुणाचा हातच धजेना," काका म्हणाले. हे बाबांचे इथले वीस वर्षांपासूनचे सहकारी.

आत चकत्या होत्या, नखाएवढ्या, पांढऱ्या. मोबाइलच्या टॉवरमध्ये अशाच चकत्या नेमकी लहर निवडतात. स्फटिकातले अणू सतत थरथरत असतात, बाबा सांगायचे. जस्त आणि टॅन्टलम या धातूंचे अणू आपापल्या जागी ओळीने बसले की थरथर नीट राहते, लहर कमी झिजते. जागांची सरमिसळ झाली की लहरीची ताकद उष्णतेत विरते. ओळ लागायला बाकीचे संशोधक चकत्या शंभर तास भाजत. बाबांचं म्हणणं, माझ्या मिश्रणाला चाळीस पुरे. चाळीस तासांनी ओळ किती लागते, त्यांच्या लेखात तेवढाच एक मोजलेला आकडा भरायचा राहिला होता.

मी बाबांची वही उघडली. 'चाळीस तासांनी काढणे. पुढे जस्त वाफ होऊन उडतं.'

वाचून काकांनी कपाळावर हात मारला. "हे मी पोरांना शिकवतो गं! आणि मीच चार दिवस भट्टी चालू ठेवली. गेल्या या चकत्या!"

"बाबांनी तुम्हाला फाडून खाल्लं असतं."

"खाल्लं असतंच. वर आठवडाभर अबोला."

दोघांनाही हसू आलं. मग मी बटण दाबून भट्टी बंद केली.

"बाबांच्या मिश्रणाची पूड उरलीय?" मी विचारलं.

"एका खेपेपुरती. त्यांच्या हातची. वापरायची म्हणतेस?"

"ठेवून काय करायचं?"

भट्टी निवल्यावर काकांनी ती पूड दाबून नव्या चकत्या केल्या आणि आत ठेवल्या. संध्याकाळी पाचला भट्टीने ठरलेलं तापमान गाठलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी हजर होते.

"आणखी तासभर राहू दे?" काकांनी विचारलं.

"नको. चाळीस झाले."

दुसऱ्या दिवशी चकत्यांवर लेसर टाकून थरथरीचा आलेख काढला. ओळ नीट लागली असती, तर शिखर सुईसारखं आलं असतं. आलं ते जरा पसरट. काकांनी पडद्यावरच्या शिखरावर बोट ठेवलं.

"जवळपास पोचले होते गं. पन्नास-साठ तास दिले असते तर..."

"म्हणजे चाळीस पुरत नाहीत."

"लेखात 'चाळीस पुरे' असंच राहू दे ना. कोण विचारतंय आता?"

मी लेख उघडला. रिकाम्या चौकटीत मोजलेला आकडा भरला, आणि खाली एक ओळ जोडली: चाळीस तास कमी पडतात. लेखकाचं नाव वाचलं, ते एकट्या बाबांचंच होतं. तसंच ठेवलं आणि लेख नियतकालिकाकडे पाठवून दिला.